बुधवारची नोंद

"फ्रीज तिकडे कोपऱ्यात आहे. आणि हे बघा, गेल्या वेळेसारखं नुसतं थोपटून जाऊ नका. चार दिवसांत पुन्हा पाणी गळायला लागतं."

दारात उभ्या असलेल्या माणसाने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो मुकाट्याने फ्रीजकडे गेला.

तिने त्याच्याकडे धड बघितलंही नव्हतं. बघणार कशी? समोरच्या स्क्रीनवर सकाळीच एक पिवळी पट्टी उगवली होती, परवान्याची मुदत संपायला एकवीस दिवस उरले म्हणून. चार वर्षांचं काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेलं, ते एकवीस दिवसांनी तोंडावर दार लावून घेणार होतं, आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अजून अर्धवट. मार्गदर्शक मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वर कळवलंय." हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, ते त्या इमारतीत आजवर कोणालाच कळलेलं नाही.

प्रयोगशाळेत तिला सगळे शिंपलेबाई म्हणायचे. तीन तळ्यांमधले शिंपले उचलायचे, कॅलिपरने कवचाची जाडी मोजायची, आणि जिवंत आहेत तोवर परत पाण्यात सोडायचे. चार वर्षं हेच. लग्नाची चौकशी करायला आलेल्या मावशीला वहिनीने एकदा सांगूनही टाकलं होतं, "कवच नसलेलं काही तिच्या नजरेतच भरत नाही हो!"

अर्ध्या तासाने कोपऱ्यातून आवाज आला. "दाराचं रबर निसटलं होतं. बसवलंय. आता नाही गळणार."

"बरं. सही कुठे करू?"

"कशावर?"

"तुमच्या दुरुस्तीच्या कागदावर."

"मी... फ्रीजवाला नाहीये. मी संगणक विभागातून आलोय. तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते ठरवायला."

तिने कपाळाला हात लावला. आणि मग पहिल्यांदा वर बघितलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला काळं लागलेलं, आणि चेहऱ्यावर चूक त्याचीच असल्यासारखा भाव.

"अहो, मग अर्धा तास काय करत होतात तिथे?"

"तुम्ही इतक्या हक्काने सांगितलंत... नाही म्हणायला जमलं नाही."

ती खळखळून हसली. किती महिन्यांनी हसली, तिलाच आठवेना. समोरच्याला वाईट वाटेल असं काही त्या माणसाच्या तोंडून निघतच नसे. हा स्वभाव पहिल्या भेटीत फार गोड वाटतो. पुढचं पुढे.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायला लागला. काम समजावताना तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघून बोलायचा.

"एकच काम तिघांकडून करून घ्यायचं. साधी तक्त्यांची शीट, तुमचं हे जुनं महागडं पॅकेज, आणि तिसरं ते फुकट मिळतं ते. तिघांची उत्तरं जुळली, की मग सोपं कोण, टिकणारं कोण, ते बघू."

"म्हणजे तीन स्थळं आलीत म्हणा की!"

"हं?"

"पहिलं अगदी ओळखीतलं, घरोघरी असतं तसलं. दुसरं श्रीमंत, पण अटी फार. आणि तिसरं?"

"तिसरं... स्वतःहून काही बोलत नाही. काय हवं ते आपणच एकेक ओळ लिहून सांगायचं. पण सांगितलेलं विसरत नाही."

"आणि तुम्हाला कुठलं पसंत आहे?"

"मला? मला ते... न बोलणारं."

त्याचे कान लाल झाले. ती मान खाली घालून कॅलिपर पुसत बसली, आधीच स्वच्छ असलेलं.

टाइप करायला बसण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवायचा. उन्हाने रापलेल्या हातावर घड्याळाची एक गोरी पट्टी उमटली होती. तिची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची वही. केलेली प्रत्येक गोष्ट तो वार, वेळ घालून तिच्यात लिहायचा. कुठली फाइल उघडली, कुठला रकाना घेतला, काय उत्तर आलं.

"एवढं कशाला लिहिता?"

"उद्या कोणी विचारलं, हे असं कसं आलं, तर सांगता यायला हवं. मागाहून आठवतं ते खरं नसतं."

"मग हेही लिहा. बारा वाजून वीस मिनिटं, शिंपलेबाईंनी चहा दिला."

त्याने खरंच लिहिलं. तिने उलट्या बाजूने वाचलं आणि दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

एकदा त्याने विचारलं, "तुमची ती चारही वर्षं एकत्र केलेली तयार फाइल नको. महिन्या-महिन्याच्या मूळ फाइल मिळतील? तळ्यावरून आल्या आल्या भरलेल्या?"

"का हो? माझ्यावर विश्वास नाही?"

"परीक्षा सॉफ्टवेअरची आहे. तुमची नाही."

तिने दिल्या. अगदी हसत हसत दिल्या.

बाहेर रोज दुपारी पाऊस लागायचा. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरायचे, आणि दोघं एका स्क्रीनसमोर खांद्याला खांदा लागेल-न लागेल अशा बेताने बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्याच्या वहीतही सापडलं नसतं. अशाच एका दुपारी ती बोलून गेली. शिष्यवृत्ती संपून सहा महिने झाले होते. दादा-वहिनीच्या घरात एका खोलीत ती राहत होती. ते चकार शब्द बोलत नव्हते, आणि नेमकं तेच तिला खात होतं. आशा एकच. कारखान्याजवळच्या तळ्यातले शिंपले दर वर्षी पातळ होत चाललेत, हे तिने दाखवून दिलं होतं. त्यावर मॅडमबरोबर शोधनिबंध छापून आला होता. तो वाचून एका तलाव संशोधन केंद्राने तिला बोलावलं होतं. प्रबंध सादर केला की पुढच्या महिन्यात रुजू.

"आणि नाही झालं तर?" त्याने विचारलं.

"नाही झालं तर मी संपले. थट्टा नाही करत. एकतीस वर्षांची झाले मी, आणि मला शिंपले मोजण्यापलीकडे काही येत नाही रे. रोज पहाटे जाग येते. वाटतं, कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणार, माझं कधी धड झालंय?"

त्याने तिचा गार झालेला चहा उचलला आणि नवीन आणून ठेवला.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मात्र तो एकाएकी गप्प झाला. संध्याकाळपर्यंत स्क्रीनला डोळे लावून बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. तिसरं स्थळ... जरा रुसलंय."

"मग समजूत काढ ना! न बोलणारी तुला आवडतात म्हणालास."

तो हसला, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. गुरुवारी केंद्राचं नेमणुकीचं पत्र आलं. तिने दादाला फोन लावला आणि बोलता बोलता रडायलाच लागली. "दादा, झालं रे... झालं एकदाचं!" फोन ठेवून वळली तर तो तिच्याकडे बघत उभा होता. डोळे भरून, पण कसं सांगावं... जीव गोळा करून बघितल्यासारखा.

"मला तुला एक..."

"काय?"

"उद्या सांगतो."

आता यावर कुठल्याही मुलीला काय वाटेल? घरी येऊन तिने वहिनीच्या कानावर घातलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "हे तेच गं. तुझ्या दादानेही सहा महिने 'उद्या सांगतो' केलं होतं. शेवटी मीच म्हटलं, सांगायचं असेल तर सांग, नाहीतर मी चालले."

शेवटचं प्रकरण तिने रात्री जागून पुरं केलं होतं, आणि शुक्रवारी प्रबंधाच्या तीन बांधलेल्या प्रती कार्यालयात द्यायच्या होत्या. पाऊस नुसता कोसळत होता. त्याने स्वतःचं जाकीट काढलं, तिन्ही प्रती त्यात गुंडाळल्या, आणि छातीशी धरून निघाला. प्रती कोरड्या पोचल्या, तो नखशिखांत भिजला. कारकुनाने शिक्का मारला. तिचा जीव भांड्यात पडला. परतताना एका छत्रीत येताना तिने त्याचा हात हातात घेतला. त्याने सोडवून घेतला नाही. बोटं बर्फासारखी गार होती. भिजलाय म्हणून, असं तिला वाटलं.

सोमवारी ती लवकर आली. केस मोकळे सोडलेले, वहिनीची कानातली घातलेली. तो आधीच येऊन बसला होता. दोन रात्री झोप नसल्यासारखे डोळे.

"बस ना. मला एक सांगायचंय."

"माहितेय मला," ती हसत म्हणाली.

"नाही गं. तुला माहीत नाही."

आणि त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"हे तुझ्या तयार फाइलमधलं कारखान्याजवळचं तळं. दर वर्षी जाडी कमी. आणि हे त्याच तळ्याचं, मूळ फाइलमधून काढलेलं. काहीच होत नाहीये. चारही वर्षं सारखीच."

"मग तुझ्या त्या फुकट्याला गणित येत नाही."

"मलाही तसंच वाटलं. तिघांकडून करून घेतलं. तुझ्या महागड्याकडूनही. तिघांचं एकच उत्तर आलं. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. फाइल वेगळी आहे." त्याने तयार फाइल उघडली. "तुझ्या फाइलमध्ये बघ. दुसऱ्या वर्षाचा सगळ्यात जाड शिंपला हा पहिल्या वर्षाच्या सगळ्यात पातळ शिंपल्यापेक्षाही पातळ आहे. तिसऱ्याचं तसंच. चौथ्याचंही. एकही शिंपला रांग मोडत नाही. सगळ्यांनी सरासरीचा आलेखच बघितला, म्हणून कोणाला दिसलं नाही. जिवंत प्राणी इतके शिस्तीत नसतात गं."

आणि तिला आठवलं. आठ महिन्यांपूर्वीचं सकाळचं दृश्य, लख्ख. पाहुणे आले होते. मॅडमनी दारातूनच विचारलं होतं, "कारखान्याजवळच्या तळ्यातला सगळ्यात जाड शिंपला किती गं?" तिने घाईघाईने त्या तळ्याच्या तक्त्यातला जाडीचा रकाना निवडून मोठ्याकडून लहानाकडे लावला होता. एक चौकट आली होती, बाजूचे रकानेही सोबत हलवू का? तिने न वाचताच बटण दाबलं होतं. आकडा सांगितला, फाइल साठवली, पाहुण्यांच्या मागे गेली. बाकी सगळे रकाने तारखेप्रमाणे जागच्या जागी, आणि जाडी एकटीच वरून खाली उतरत गेलेली. जुन्या वर्षांना जाड शिंपले, नव्या वर्षांना पातळ. एका आठवड्याने तिने आलेख काढला तेव्हा मॅडमनी तिला जवळ घेतलं होतं, आणि शोधनिबंध पंधरा दिवसांत पाठवून दिला होता.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन तिथेच होती. खुर्ची, कॅलिपर, खिडकी, सगळं तिथेच. फक्त त्यात आता तिची म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती.

"कुठे सापडलं तुला? दाखव. वही दाखव."

"वही कशाला..."

"दाखव म्हणते ना!"

त्याने दिली. ती पानं मागे मागे उलटत गेली. रविवार नाही, शनिवार नाही. शुक्रवारी एकच ओळ होती, काम बंद. आणि मग त्याच्या नेटक्या अक्षरात: बुधवार, चार वाजून दहा मिनिटं, जाडीचा रकाना स्वतंत्र लावलेला आढळला. खाली गुरुवार, अकरा वाजता: तिन्हींत पडताळलं, खात्री झाली.

"बुधवारी?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि शुक्रवारी माझ्या प्रती कोण घेऊन गेलं? छातीशी धरून?"

"गुरुवारी सांगणारच होतो. तू दादाशी बोलत होतीस. रडत होतीस. मला नाही... जमलं नाही."

"गुरुवारी सांगितलं असतंस तर मी प्रबंध दिलाच नसता. निबंधाचं निस्तरावंच लागलं असतं, पण प्रबंध तरी माझ्या हातात असता. आता शिक्का बसलाय रे त्याच्यावर! आता मला सगळ्यांसमोर जाऊन परत मागावा लागेल."

"तुला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, एक दिवस. फक्त एक दिवस तरी."

"तो एक दिवस माझा नव्हता. तुझा होता."

तिने वही मिटून त्याच्या हातात दिली.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं, आणि पुन्हा बसल्या. शोधनिबंधावर त्यांचंही नाव होतं.

"कोणाकोणाला माहितेय?"

"आपण तिघं."

"मग ऐक माझं. आधी नोकरीवर रुजू हो. वर्षभराने आपण एक छोटी दुरुस्ती पाठवून देऊ. बाळा, कोणाच्या कामात खोट नसते? तू मुद्दाम केलंस का? नाही ना?"

"मॅडम, तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी मला तेच शिंपले मोजायला बसवतील. मी काय मोजू? जे झालंच नाही, ते?"

मॅडम वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात तो उभा होता, हातात वही. तिला बघून त्याने बुधवारचं पान उघडलं.

"तू म्हणालीस तर फाडतो. मी कोणाला काही बोलणार नाही. जन्मात नाही. अहवालात लिहीन, तिघांची उत्तरं जुळली. ते खोटं नाहीये."

पान त्याने दोन बोटांत धरलं होतं. खरंच फाडलं असतं त्याने. चहासुद्धा वेळ घालून लिहिणारा माणूस! आणि त्या क्षणी तिला सगळं समोर दिसत होतं. नोकरी होती, दादाचा अभिमानाने फुललेला चेहरा होता, हा माणूस होता, त्याच्याबरोबरचं घर होतं. 'हं' म्हणायचा अवकाश. तिला इतकं हवं होतं ते सगळं, की छातीत दुखायला लागलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

तिने चूक कळवणारी दोन पत्रं लिहिली, प्रत्येकी चार ओळींची. एक निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, एक केंद्राला. प्रबंध परत घेण्याचा अर्ज त्याच कारकुनाकडे नेऊन दिला. त्याला वाटलं, छपाईची चूक असेल. म्हणाला, "एवढ्यासाठी कोणी परत घेतं का, बाई?" केंद्राचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. घरी सांगितल्यावर दादा एवढंच म्हणाला, "आधी जेवून घे." वहिनी तिच्याजवळ बसून राहिली, आणि कानातली ज्याच्यासाठी घातली होती त्याचं काय झालं, ते तिने विचारलं नाही. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. प्रबंधासाठी किती आणि त्याच्यासाठी किती, हे सांगणं तिलाही जमलं नसतं.

त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशी तो अहवालाची प्रत द्यायला आला. तिसऱ्याची शिफारस केली होती. कारण दिलं होतं: मूळ आकड्यांना हात न लावता काम होतं, आणि प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. तिचं नाव कुठेही नव्हतं. ती मूळ फाइल पहिल्यापासून उघडून बसली होती. मॅडमनी आणखी एक वर्ष टेबल वापरायची परवानगी दिली होती. शिष्यवृत्तीचं मात्र कोणी काही बोललं नव्हतं.

"मी उद्यापासून दुसऱ्या इमारतीत," तो म्हणाला.

"हं."

"तुला हे आधी सांगायला हवं होतं, ते सगळ्यात शेवटी सांगतोय. माझं प्रेम आहे तुझ्यावर. फ्रीज दुरुस्त करत होतो तेव्हापासून."

तिचे डोळे भरून आले. किती वाट बघितली होती या वाक्याची, आणि आलं ते कधी!

"माझंही आहे," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, आटलं? आटलं असतं तर सोपं होतं रे. चूक माझी होती, तुझी नाही, हेही कळतं मला. पण तू माझ्याकडे बघून हसशील ना, तेव्हा दर वेळी मला वाटणार, याला काहीतरी माहितेय आणि हा सांगत नाहीये. माझं सगळं आयुष्य आता पुन्हा मोजायचंय मला. त्यात असा माणूस शेजारी नाही ठेवता येणार."

"मी शिकेन. वाईट बोलायला शिकेन."

"शिक. पण माझ्यावर नको."

त्याने अहवाल टेबलावर ठेवला आणि तो दाराकडे गेला. दारात थांबून म्हणाला, "थांबू का?"

तिने 'थांब' म्हटलं असतं तर तो जन्मभर थांबला असता. तिने 'जा' म्हटलं असतं तरी, वाईट वाटू नये म्हणून, तो थोडा थांबलाच असता. म्हणून ती काहीच बोलली नाही. स्क्रीनवर पहिल्या वर्षाचा पहिला शिंपला होता, दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर. तिने तो आकडा तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचून झाला तेव्हा जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली होती.